भांडुपच्या टेकडीवरची जुनी रायफल

भातकापणी झाली, झोडणी उरकली, पेंढा माचावर चढला की आमच्या लांजा भागात शेतकऱ्याला चार दिवस मोकळे सापडतात. यंदा ते चार दिवस मी भांडुपला मामांकडे काढले. मामांचाच फोन आला होता. "मोतीबिंदूनं माझे डोळे गढूळ झालेत. नळीत बघायला तुझे डोळे हवेत. दोन दिवस काढून ये." नळी म्हणजे कोणती, हे मी विचारलं नाही. मामांच्या कपाटात एक जुनी रायफल आहे हे आमच्या आजोळी सगळ्यांना ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडी लबाडी होती. आमच्याकडे रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. एका रात्रीत अर्धा गुंठा भात लोळवून जातात. वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक पीक संरक्षणाच्या परवान्यावर घरात आहे, पण ती दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि परत येते ती आणखी गंजून. मामांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांना आता रायफल काय करायची? गावात एकानं मला सांगितलंही होतं की शंभर वर्षांपूर्वीच्या हत्याराला परवाना लागत नाही. ते डोक्यात घोळवतच मी रात्रीच्या गाडीत बसलो.

ठाण्याला उतरून धीमी लोकल धरली. मुलुंड, नाहूर आणि मग भांडुप. पश्चिमेला बाहेर पडलं की भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढायची, लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडायचा आणि शेअर रिक्षा धरून टेकडीच्या बाजूला चढायचं. इथं कोकण नगर नावाची वस्तीच आहे. मालवणी मसाल्याची दुकानं, कुळीथपीठ, सुके बांगडे, गणपतीला गावी जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या. चार माणसांत तीन आपल्याकडची. मामा १९६० साली इथं आले ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून. तेव्हा या रस्त्याला दोन्ही अंगांनी कारखाने होते. सिएटच्या टायरच्या कारखान्याचं नाव अजून टिकून आहे. बाकी बऱ्याच भोंग्यांच्या जागी आता वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत.

भांडुपची एक गोष्ट मला मामांनी लहानपणी सांगितली होती आणि ती खरी आहे. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. मुंबई ठाण्याला आणि पुढं घाटाला लोखंडी रस्त्यानं जोडावी, ही कल्पना त्यांना त्या मुक्कामात सुचली. पुढं दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेचा विचार या भांडुपात जन्मला, आणि आज त्याच रेल्वेत इथं सकाळी आठला पाय ठेवायला जागा मिळत नाही!

मामांची खोली चाळीच्या टोकाला, डोंगराच्या बाजूला. मागं महापालिकेचं पाणी शुद्ध करण्याचं प्रचंड केंद्र आणि त्यापलीकडं नॅशनल पार्कचं जंगल. संध्याकाळनंतर पोरांना एकटं सोडत नाहीत, कारण बिबट्या कधीमधी चाळीपर्यंत येतो. मुंबईत राहूनही मामी कोंबड्यांच्या काळजीत असतात, हे पाहून मला घरच्यासारखंच वाटलं.

चहा झाल्यावर मामांनी कपाट उघडलं. परवान्याचं पुस्तक आधी काढलं, मग रायफल. जुन्या धोतरात गुंडाळलेली, वरून सुतळी.

माझ्या अपेक्षेपेक्षा ती वेगळीच निघाली. नळी जाड आणि लांब, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि चापाच्या मागं खाली वळलेला एक लोखंडी दांडा. घोडा बाहेरून दिसतच नाही. बोल्टही नाही. एन.सी.सी. केलेल्यांना जी खटका ओढायची पॉइंट टू टू आठवते, तशीही नाही.

"ओळख," मामा म्हणाले.

"मला काय कळणार, मामा?"

"ठासणीची बंदूक कळते ना? मग हीही कळेल. आधी एक कर. दांडा खाली ओढ."

ओढला. वरची एक लोखंडी खुंटी पुढच्या टोकाला खाली झुकली आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडलं. मामांनी त्यात करंगळी घालून चाचपलं. मग मला चाचपायला लावलं. मग पुन्हा स्वतः चाचपलं. छप्पन्न वर्षांत त्यात काडतूस गेलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी तीनदा पाहिलं. आमच्या वाडीत 'रिकामी आहे' म्हणून भिंतीला टेकवलेल्या बंदुकीचा बार छपरातून गेलेला मी पाहिलाय. म्हणून हे मुद्दाम लिहितो.

ही रचना मार्टिनीची. पीबॉडी नावाच्या अमेरिकन माणसानं १८६२ साली तिचा पाया घातला, स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्ड गावच्या फ्रीड्रिश फॉन मार्टिनीनं ती सुधारली, आणि एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची नळी तिला जोडून इंग्रज सरकारनं १८७१ साली मार्टिनी-हेन्री रायफल आपल्या फौजेला दिली. एका वेळी एकच गोळी. दांडा खाली की मागचं तोंड उघडतं, रिकामं काडतूस मागं फेकलं जातं आणि आतला ठोक्या ताणला जातो. नवं काडतूस घालायचं, दांडा वर, तयार. ठासणीच्या बंदुकीला गज घालून दारू ठासेपर्यंत यात सहा-सात बार निघायचे.

हिंदी शिपायांना ती लगेच मिळाली नाही. १८५७ नंतर आपल्या शिपायाच्या हाती गोऱ्यापेक्षा एक पिढी जुनं हत्यार ठेवायचं असा सरकारचा शिरस्ताच होता. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली, तिथं गोऱ्या ६६ व्या पलटणीकडं मार्टिनी होत्या आणि शेजारी लढणाऱ्या मुंबई फौजेच्या देशी पलटणींकडं जुन्या स्नायडर.

"पण ही फौजेची नव्हे," मामा म्हणाले. "कशावरून?"

त्यांनी मेजावरची शिसपेन्सिल मला दिली. नळीच्या तोंडाला लावली, आत जाईना. "फौजेच्या मार्टिनीचं भोक ४५ शतांश इंचाचं. अकरा मिलिमीटरच्या वर. पेन्सिल तिथं खुळखुळली असती. हे २२ शतांश. साडेपाच मिलिमीटरच्या थोडं वर." दुसरी खूण, लोखंडी पेटी लहान. फौजेच्या मार्टिनीची पेटी चांगली ओंजळभर असते. तिसरी खूण ठोक्याची. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध ठोका बसतो, याला काठावर.

मग मी भिंग घेऊन खुणा वाचायला बसलो आणि मामा ऐकत राहिले. पेटीच्या अंगावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचं चित्र. हे बी.एस.ए. कंपनीचं, म्हणजे १८६१ साली बर्मिंगहॅमला सुरू झालेल्या त्याच कारखान्याचं, ज्याच्या सायकली आणि मोटारसायकली आपल्याकडं जुन्या लोकांना माहीत आहेत. नळीवर मुकुट आणि त्याखाली बी.पी., बी.व्ही., एन.पी. अशी अक्षरं. इंग्लंडात प्रत्येक नळी आधी जास्त दारूच्या बारानं तपासतात आणि टिकली तर शिक्का मारतात; हे बर्मिंगहॅमच्या तपासणी घराचे शिक्के. खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी केलेल्या नकली मार्टिनी पुष्कळ फिरतात. त्यांवर अक्षरं चुकलेली, कधी इंग्रजी एन उलटा कोरलेला असतो. आमची अक्षरं सरळ आणि सुबक निघाली. मामांचा चेहरा खुलला. या लहान मार्टिनीला जाणकार 'बारा नंबर' म्हणतात, आणि ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनत होती.

अशी खेळण्यासारखी छोटी रायफल इंग्रजांनी का बनवली, याची हकिगत शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १८९९ ते १९०२ दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांची बोअर लोकांशी लढाई झाली. डच भाषेत बोअर या शब्दाचा अर्थच शेतकरी. कवायत न शिकलेल्या त्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीनं साम्राज्याची फौज हैराण झाली. मग आपल्या पोरांना नेम शिकवा, अशी इंग्लंडात हाकाटी झाली आणि गावोगाव लहान रायफलींचे क्लब निघाले. काबूल ते कंदाहार कूच केलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्यात पुढं होते. स्वस्त गोळी, आवाज कमी, पन्नास यार्डांवर कागदाचं निशाण. त्या क्लबांसाठी या रायफली बनल्या.

मामांनी ती १९६६ साली घेतली, परवान्यावर, मुंबई सोडून चाललेल्या एका जुन्या नेमबाजाकडून. टूलरूममध्ये मायक्रोमीटर हाताळणारा माणूस. त्याला हा खेळ लागला नसता तरच नवल. आपल्याकडं राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ ला स्थापन झाली आणि पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचं घराणं मूळचं आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, हे मामा दर वेळी सांगतात. तीन वर्षं मामांनी रविवार न् रविवार मैदानावर काढला. पदकं मिळाली, दोन. मग १९६९ साली अचानक सगळं बंद केलं. का, ते घरात कुणी विचारलं नव्हतं.

"आता खोलायची," मामा म्हणाले. पण पिन बसली होती. रचनेची गंमत अशी की मूळ फौजी मार्टिनीचे भाग एकेक करून काढावे लागतात, आणि या लहान जातीत पुढच्या अंगाची एक पिन बाहेर काढली की आतलं सगळं यंत्र एका तुकड्यात खाली उतरतं. ती पिन गंजानं धरलेली. मी हातोडी शोधू लागलो, तशी मामांनी माझ्या हातावर चापट मारली. दोन्ही टोकांना तेलाचे थेंब सोडले आणि म्हणाले, "उद्या."

संध्याकाळी मला घेऊन ते वरच्या अंगाला गेले. तिथून पूर्वेकडं खाडी दिसते, मिठागरांचे पांढरे चौकोन दिसतात. थंडीत तिथं रोहित पक्षी उतरतात. तिथं बसून मी हळूच डुकरांचा विषय काढला. मामा हसले.

"त्यासाठी आलास होय? अरे, ही गोळी अडीच ग्रॅमची. डुक्कर जखमी होऊन जाळीत शिरेल आणि दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या बाईवर उलटेल. शिवाय वनखात्याच्या परवानगीवाचून डुकराला हात लावता येतो का?"

शंभर वर्षांच्या सवलतीचं बोललो. तेही खोटं निघालं. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनसुद्धा वापरता येणार नाही. नुसतं वय मोजत नाहीत. हिची गोळी आजही दुकानात मिळते, म्हणजे परवाना हवाच. नियमाप्रमाणे परवानाधारकानं सत्तरी ओलांडली की तो हत्यार वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो, आणि त्या वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. मामांना एकच मुलगी, माझी मामेबहीण, मुलुंडला असते. "तिला विचारलंय," मामा म्हणाले. "ती म्हणते, चालणारी असेल तर ठेवू, नाहीतर रीतसर जमा करू. म्हणून तुला बोलावलं. चालणारी आहे का ते नळी बघितल्याशिवाय कसं कळणार?"

माझा भाताचा बेत तिथंच संपला. थोडा हिरमुसलो, कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी फरशीवर जुनी चादर अंथरून दिली. मामांनी लोखंडाऐवजी पितळेचा पंच घेतला, म्हणजे पिनेचं डोकं चेपत नाही. दांडा किंचित खाली ठेवून तीन हलके ठोके घातले आणि पिन सरकली. चाप, दांडा, झुकणारी खुंटी, सगळं एकत्र त्यांच्या तळहातात आलं, जसा कोंबडीचा कोथळा यावा तसं. (मामींना ही उपमा आवडली नाही.) खुंटीच्या पोटात ठोक्या आणि त्याची गुंडाळी स्प्रिंग. ती काढताना त्यांनी वरून रुमाल धरला. स्प्रिंग उडाली तर चाळीतल्या फरशीवर आठ दिवस सापडत नाही. निघालेला प्रत्येक भाग चादरीवर डावीकडून उजवीकडं ओळीनं ठेवला. जोडताना उलट्या क्रमानं उचलायचं.

दस्ता काढायची गरज नव्हती, तरी मला दाखवण्यासाठी काढला. दस्त्याच्या बुडाची पट्टी सोडवली की आत खोल भोक दिसतं आणि तळाशी एक लांब बोल्ट. त्यासाठी मामांनी १९६६ ला कारखान्यात सुट्टीच्या वेळात हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर बनवला होता. त्याचं पातं बाजारी पात्यासारखं पाचरीसारखं नाही, दोन्ही बाजू समांतर घासलेल्या. पाचरीचं पातं खाचेतून वर उसळतं आणि स्क्रूचं तोंड खराब करतं. जुनं यंत्र नवशिक्याच्या हातून गेलंय का, हे स्क्रूच्या खाचा पाहूनच कळतं, असं ते म्हणाले. आमच्या पंपाचे स्क्रू आठवून मी गप्प राहिलो.

आता नळी. या जातीची पेटी मागून बंद असते, त्यामुळं मागून सरळ आरपार बघता येत नाही. तोंडाकडूनच बघावं लागतं, आणि जोडलेल्या बंदुकीच्या तोंडाला डोळा लावायचा नसतो. म्हणून तर आधी सगळं यंत्र बाहेर काढायचं. मामांनी पेटीच्या पोकळीत पांढऱ्या कागदाचा कपटा तिरका धरला, दाराकडचा उजेड त्यावर घेतला आणि मी तोंडाकडून डोळा लावला.

आत चांदीसारखं लख्ख होतं. पेचदार खाचा वळत वळत दूर जाणाऱ्या. मी तसं सांगितलं. "गंज?" नाही. "खड्डे?" नाही. "आणखी बघ. तोंडापासून वीतभर आत."

तिथं एक काळी कडी होती. बांगडीसारखी, नळीच्या पूर्ण आतल्या घेराला. मी नळी फिरवून पाहिली, कडी तिथंच. मामांनी गजाला चिंधी लावून माझ्या हाती दिला आणि तोंडाकडून घालायला सांगितला. चिंधी घट्ट जात होती, वीतभरावर एकदम सैल पडली, पुन्हा घट्ट. नळी तिथं आतून फुगली होती.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सव्विसावी गोळी."

१९६९ च्या पावसाळ्यानंतरची ती स्पर्धा. पंचवीस गोळ्या उत्तम गेल्या होत्या. सव्विसाव्या बाराचा आवाज थोडा बसका वाटला. कागदावर भोकच नाही. पन्नास मीटरवर अख्खा कागद चुकला, असं पंचांनी लिहिलं, शून्य. मामांचे हात थरथरू लागले. सत्ताविसाव्या गोळीचं भोक मोठं, फाटल्यासारखं आलं. त्यानंतरच्या सगळ्या विखुरल्या. लोक हसले. त्या रात्री रायफल वरवर पुसून बांधली ती बांधलीच. नळीत गज घातलाच नाही.

झालं होतं असं. ती काडतुसं चाळीत पावसाळाभर सर्द हवेत राहिली होती. एकातली दारू नीट पेटली नाही आणि गोळी नळीच्या तोंडाशी वीतभर आधी अडकली. मागून सत्ताविसावी आली, तिनं अडकलेलीला ढकललं, दोघी एकदम बाहेर पडल्या. त्या धक्क्यानं नळी फुगली, आणि कागदावर पडलेलं ते फाटकं भोक दोन गोळ्यांचं होतं. तोंडाजवळ फुगलेल्या नळीतून पुढच्या गोळ्या सरळ जाणं कठीणच.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो," मामा म्हणाले. मोठ्यानं नाही. मामी आतून म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, काडतुसं फडताळात ठेवू नका म्हणून." मामांना हसू आलं. डोळे पुसले, मोतीबिंदूचं पाणी म्हणाले.

ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. बसका आवाज आला की पुढचा बार भरायचा नाही. आधी नळी मोकळी आहे का पाहायचं. जाड नळी नुसती फुगते. गंजलेली पातळ नळी फुटते आणि हात घेऊन जाते.

दुपारी मामेबहीण आली. तिला सगळं सांगितलं. फुगलेली नळी परवानाधारक कारागिराकडून बदलून घेता येते, किंवा आतून नवं अस्तर बसवता येतं; इंग्लंडात पार्कर हेल कंपनी पूर्वी हे काम करत असे. पण खर्च, कागदपत्रं आणि चकरा आल्याच. मामेबहीण म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगाल तसं." मामा म्हणाले, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला पन्नास मीटरवरच जगज्जेतेपद मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं. दोघांचे सामने त्यांनी टीव्हीला नाक लावून पाहिले होते. "त्यांच्या निशाणावरचं दहाचं वर्तुळ दहा मिलिमीटरचं. आता त्या रायफली वेगळ्या. हिला कशाला त्रास द्यायचा?" पुढच्या आठवड्यात पोलिसांकडं रीतसर जमा करायचं ठरलं.

मग त्यांनी ती जोडली. डोळे मिटून, बोटांनी. चादरीवरचे भाग उजवीकडून डावीकडं उचलत गेले. पिन जागेवर बसल्याचा आवाज आल्यावर दांडा एकदा खाली-वर केला, करंगळीनं चाचपलं, धोतरात गुंडाळली, सुतळी बांधली.

निघताना मामींनी कोकम आणि चिवडा दिला. मामांनी तो हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीत घातला. "पंपाला वापर," म्हणाले, "पण पातं घासू नकोस." स्टेशनपर्यंत रिक्षात मी तो मांडीवरच धरून बसलो होतो.